'वेळेत उपचार' म्हणजे नेमके कोणते औषध?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सरत आला की वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर काही बातम्या ठरावीक शब्दांत येऊ लागतात. कोणावर आग्या मोहोळाच्या माश्या तुटून पडतात, कोणाला विंचू नांगी मारतो, कोणाला फवारणी करता करता भोवळ येते, आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : 'वेळेत उपचार न मिळाल्याने मृत्यू झाला.' मी शासकीय आरोग्य सेवेत ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली बहुतेक वर्षे रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली, आणि हे वाक्य वाचले की माझे मन प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडते. कोणता उपचार वेळेत मिळाला नाही? पुष्कळदा रुग्ण वेळेत पोचलेला असतो, त्याला दोन-तीन इंजेक्शने दिलेली असतात, सलाईनही लावलेले असते. दिलेले नसते ते एकच औषध, आणि ते त्याच खोलीतल्या कपाटात असते.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी, आंबा उतरवणाऱ्या एका माणसाला त्याच्या भावाने स्कूटरवर मागे बसवून आमच्या केंद्रात आणले. झेल्याचा धक्का फांदीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला होता आणि मानेवर, कानामागे तीन-चार ठिकाणी डंख झाले होते. तो स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून आत आला. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या, ओठ सुजत चालले होते आणि आवाज घोगरा झाला होता. पोटात कळ येतेय म्हणाला, आणि मग माझा हात धरून म्हणाला, "सिस्टर, मला काहीतरी व्हायला लागलंय." वैद्यकीय अधिकारी उपकेंद्राच्या दौऱ्यावर होते. आम्ही तेच केले जे करत आलो होतो : एव्हिल हे अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन दिले, डेक्सोना हे स्टेरॉइड दिले, सलाईन लावले. त्याला ओकारी आली म्हणून आम्ही त्याला उठवून बसवले, आणि बसवल्याबरोबर त्याची मान कलंडली. रक्तदाब लागेना. अ‍ॅड्रेनालिनचे, म्हणजे अशा वेळी जीव वाचवणाऱ्या औषधाचे, अँप्युल (काचेची कुपी) कपाटात होते, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते जेवायला घरी गेले होते. किल्ली आली तेव्हा पंचवीस मिनिटे होऊन गेली होती. किल्ली हाताशी असती तरी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ते औषध मी दिले असते का, याचे उत्तर त्या दिवशी 'नाही' असेच होते. त्या केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण त्या काळी अनेक केंद्रांत याहून वेगळे काही घडले नसते. दुःख याचे आहे की प्रशिक्षणाच्या निमित्ताने आजही मी जिथे जिथे जाते, तिथे एव्हिल-डेक्सोना आधी आणि अ‍ॅड्रेनालिन 'गरज पडली तर' हा क्रम मला अजून ऐकू येतो.

हा क्रम उलटा का आहे हे कळण्यासाठी ही औषधे शरीरात काय करतात ते समजून घ्यावे लागते, आणि ते कोणत्याही सुजाण वाचकाला समजण्यासारखे आहे. तीव्र अ‍ॅलर्जीच्या या झटक्याला वैद्यकीय भाषेत अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द १९०२ साली फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी रूढ केला. समुद्रातल्या एका प्राण्याचे विष त्यांनी कुत्र्यांना थोडे थोडे टोचले होते. पहिल्या मात्रेने प्रतिकारशक्ती वाढेल अशी अपेक्षा होती, पण काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी लहान मात्रेनेच कुत्रा काही मिनिटांत मरण पावला. या कामासाठी रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'मागच्या वर्षी याला माशी डसली होती, तेव्हा तर काही झाले नव्हते' असे नातेवाईक जे कळवळून सांगतात, त्याचे उत्तर त्या प्रयोगात आहे. पहिल्या डंखाने शरीराला त्या विषाची ओळख पटते आणि दुसऱ्या डंखाला शरीर स्वतःच्याच जिवावर उठते. त्वचा, श्वासनलिका, आतडी आणि रक्तवाहिन्यांभोवती मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या एकाच वेळी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिनसह अनेक रसायने रक्तात सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंती झिरपू लागतात. दहा मिनिटांत रक्तातला जवळजवळ एक तृतीयांश द्रव वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. त्याच वेळी घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, आणि माणूस दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो.

कोकणातल्या वाचकांना पाटाच्या पाण्याचे उदाहरण पटेल. पाटाला वाटेत जागोजागी भगदाडे पडली की वरून कितीही पाणी सोडले तरी शेवटच्या पोफळीपर्यंत ते पोचत नाही. नुसते सलाईन लावणे हे वरून पाणी सोडण्यासारखे आहे. ते लागतेच, पण आधी भगदाडे बुजवावी लागतात, आणि भगदाडे बुजवणारे औषध अ‍ॅड्रेनालिन आहे.

एव्हिल, म्हणजे फेनिरामिन, हे हिस्टामिनविरोधी औषध आहे. हिस्टामिन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर जाऊन बसते ती जागा ते आधीच अडवते. खाज कमी होते, गांधी उतरतात, रुग्णाला आणि नातेवाइकांना बरे वाटल्यासारखे दिसते, आणि सगळ्यांची दिशाभूल इथेच होते. मास्ट पेशींनी सोडलेल्या इतर रसायनांवर त्याचा काही इलाज चालत नाही. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळत नाही, घशाची सूज उतरवत नाही, आणि शिरेतून झटकन दिले तर उतरलेला रक्तदाब आणखी उतरवू शकते. डेक्सोना किंवा हायड्रोकॉर्टिझोन ही स्टेरॉइडे पेशीच्या आत शिरून तिच्या केंद्रकातून कोणती प्रथिने तयार व्हावीत यात बदल घडवतात. हे काम मोलाचे असले तरी त्याला काही तास लागतात. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झटका सुरू झाल्यापासून हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक काळ खाद्यपदार्थांच्या अ‍ॅलर्जीत ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि रुग्णालयात दिलेल्या औषधांच्या अ‍ॅलर्जीत ५ मिनिटे होता. ज्या औषधाला काम सुरू करायला तास लागतात, त्याच्या भरवशावर पंधरा मिनिटांची लढाई लढता येत नाही.

अ‍ॅड्रेनालिन हे आपल्याच शरीरातले रसायन आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी ते तयार करतात, आणि जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ते शुद्ध स्वरूपात जगापुढे मांडले. त्याची कामगिरी एका वेळी तीन आघाड्यांवर चालते. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर बसून ते वाहिन्या आवळते, त्यामुळे रक्तदाब सावरतो आणि घशाची सूजही उतरू लागते. हृदयावरच्या बीटा रिसेप्टरमुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि जोर येतो. श्वासनलिकांवरच्या दुसऱ्या प्रकारच्या बीटा रिसेप्टरमुळे नलिका मोकळ्या होतात, आणि मास्ट पेशींतून होणारी पुढची गळतीसुद्धा त्याच वाटेने थांबते. म्हणजे रोग ज्या ज्या वाटांनी मारतो, त्या प्रत्येक वाटेवर हे एकटे औषध उभे राहते. इतक्या स्वस्त औषधाकडून इतके काम होताना मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

मग ते द्यायला हात का थरथरतो? माझ्या मते याचे कारण असे की आमच्यापैकी बहुतेकांनी हे औषध फक्त मरणाच्या दारात पाहिलेले असते. हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबत असताना १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन शिरेतून देतात, दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा देतात, आणि यातले बरेच रुग्ण वाचत नाहीत. म्हणून वॉर्डात त्याला 'शेवटचे इंजेक्शन' म्हणतात आणि नातेवाईकही ते नाव ऐकले की रडू लागतात. पण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये तेच अँप्युल वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या मात्रेत द्यायचे असते : प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिली, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने, सरळ स्नायूत. लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढेच. अँप्युलवर पूर्वी '१:१०००' एवढेच छापलेले असे. त्याचा अर्थ १ मिलीत १ मिलिग्रॅम, पण घाईत हे गणित अनेकांना सुचत नसे. नाडी चालू असलेल्या माणसाला हीच मात्रा एकदम शिरेत गेली तर ठोक्यांची लय बिघडू शकते, रक्तदाब भयंकर चढू शकतो, आणि अशा चुकांमुळे माणसे दगावलेली आहेत. भीती खोटी नाही. फक्त ती शिरेतल्या इंजेक्शनची आहे आणि तिची शिक्षा मांडीतल्या इंजेक्शनला मिळते आहे.

मांडीच का, हेही सांगायला हवे. मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनालिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात सर्वाधिक पातळीला पोचले, तर कातडीखाली दिलेल्याला सरासरी ३४ मिनिटे लागली. प्रौढांवरच्या अभ्यासातही दंडापेक्षा मांडी सरस ठरली. आमच्या पिढीला दंडात, कातडीखाली देण्याचेच शिकवले होते.

पहिल्या घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या एका केंद्रात, संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेली एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला येई. एका खेपेला इंजेक्शन देऊन मी वहीत नोंद करत होते, तोच ती घसा खाकरू लागली. वर पाहिले तर चेहरा लाल, डोळ्यांखाली सूज आणि श्वासाला शिट्टी. तोवर मी शिकले होते आणि अँप्युल माझ्या ट्रेमध्ये होते. तिला आडवी केली, पायांखाली दोन उशा दिल्या, अँप्युलची मान मोडली, अर्धा मिली ओढले आणि सलवारीवरूनच मांडीत टोचले. मी घड्याळ लावून नाडी मोजत बसले होते. तिसऱ्या मिनिटाला श्वासाची शिट्टी बारीक झाली, सातव्या मिनिटाला ती म्हणाली, "छातीत धडधडतंय हो," आणि ती धडधड ऐकून मला जे वाटले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन मी त्यानंतर दिले, सावकाश, त्यांच्या जागेवर. रात्रभर तिला ग्रामीण रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले, कारण हा झटका काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

सवयीने दिलेले औषध आणि कामाचे औषध यांतला फरक दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच कोकणात घडले आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र रात्र बसून पाहिले. घाम, थंडगार हातपाय, उलट्या, आणि काही तासांनी तोंडातून गुलाबी फेस. त्या काळी अशा रुग्णांनाही हिस्टामिनविरोधी औषधे आणि स्टेरॉइडेच दिली जात. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंची सोडियमची दारे उघडीच ठेवते, त्यामुळे शरीराचे स्वतःचे अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन पुरासारखे सुटते. वाहिन्या इतक्या आवळतात की हृदय त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. गांधीलमाशीच्या रुग्णात जे अल्फा रिसेप्टर आपण अ‍ॅड्रेनालिनने चालू करतो, तेच इथे बंद करायचे असतात. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी तेच काम करते. बावस्करांनी ती वापरून मिळालेले निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याआधी गंभीर रुग्णांत तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरले. २०११ साली त्यांचाच आणखी एक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. विंचवाची प्रतिविषलस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ९१ टक्के १० तासांत पूर्ण बरे झाले, तर नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपैकी सुमारे २३ टक्के. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली याचा आम्हा कोकणातल्या परिचारिकांना घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला.

डंख दोन्हीकडे आहे, घामाघूम झालेला घाबरलेला माणूस दोन्हीकडे आहे, पण एका ठिकाणी वाहिन्या आवळणारे औषध जीव वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी वाहिन्या सैल करणारे. 'चावले आहे ना, मग एव्हिल-डेक्सोना देऊन पुढे पाठवा' या सरसकट रिवाजात दोघांचेही नुकसान होते. विंचू आणि गांधीलमाशी यांतला फरक विचारायला अर्धे मिनिट लागते. हात गार आहेत की गरम, अंगावर गांधी आहेत की नाहीत, हे पाहायला तेवढेही लागत नाही.

कीटकनाशकांच्या विषबाधेत प्रश्न जरा वेगळा असतो. तिथे योग्य औषध बहुधा दिले जाते, पण पुरेसे दिले जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या विषयाकडे गेले होते. सगळीच कीटकनाशके एका जातीची नसतात, पण त्यांतल्या ऑर्गनोफॉस्फेट गटाची विषे आपल्याला खेड्यांत सर्वांत जास्त भेटतात, फवारणीतून आणि त्याहून अधिक घरातल्या भांडणानंतर प्यायलेल्या बाटलीतून. मज्जातंतूचा निरोप पोचवून झाल्यावर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ही विषे ते विकरच निकामी करतात, आणि अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते. लाळ, अश्रू, घाम, जुलाब, आणि शेवटी फुफ्फुसांत स्राव. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. अ‍ॅट्रोपिन हे औषध त्या रसायनाची जागा अडवून स्राव सुकवते. आपल्याकडे त्याचे अँप्युल ०.६ मिलिग्रॅमचे येते. सुरुवातीला तीन अँप्युल, पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही तर दुप्पट, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट, असे वाढवत जायचे असते. गणित केले तर पहिल्या पंधरा मिनिटांतच ४५ अँप्युल लागू शकतात, आणि ज्या केंद्राच्या साठा नोंदवहीत अ‍ॅट्रोपिन '१०' असे लिहिलेले असते, तिथे ते तिसऱ्या फेरीलाच पुरत नाही. पुष्कळ जण डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की औषध पुरे झाले असे समजून थांबतात. बाहुल्या पाहायच्या नसतात, स्टेथोस्कोप लावून छातीतली बुडबुड थांबली का ते ऐकायचे असते आणि काखेत हात घालून घाम सुकला का ते पाहायचे असते. स्नायूंच्या लुळेपणावर मात्र अ‍ॅट्रोपिनचा इलाज चालत नाही, म्हणून छाती कोरडी झाली तरी श्वासावर नजर ठेवावीच लागते.

सर्पदंशाविषयी आपल्याकडे वारंवार लिहिले जाते, म्हणून एकच गोष्ट सांगते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी आपली प्रतिविषलस घोड्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनते, त्यामुळे तिचीच अ‍ॅलर्जी येऊ शकते. ती टाळण्यासाठी आधी हायड्रोकॉर्टिझोन आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन देण्याचा रिवाज होता. श्रीलंकेत १००७ रुग्णांवर या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कातडीखाली आधीच दिलेल्या अ‍ॅड्रेनालिनच्या छोट्या मात्रेने पहिल्या तासातल्या तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि हायड्रोकॉर्टिझोन व प्रोमेथाझिन (अ‍ॅलर्जीविरोधी औषध) यांचा असा कोणताही उपयोग दिसला नाही. लसीच्या बाटलीशेजारी भरलेली अ‍ॅड्रेनालिनची सिरिंज नसेल तर लस देणाऱ्याचा हात कचरतो, आणि मग रुग्ण ६० किलोमीटर दूरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवला जातो.

आता माझी मागणी. करोनाच्या लसीनंतर प्रत्येकाला अर्धा तास खुर्चीवर का बसवून ठेवत होते हे सर्वांना आठवत असेल. त्या प्रत्येक केंद्रावर अ‍ॅड्रेनालिनची पेटी होती. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांविषयी केंद्र सरकारच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांनी आरोग्य सेविकेला अ‍ॅनाफिलॅक्सिसची शंका येताच, डॉक्टरांची वाट न पाहता, अ‍ॅड्रेनालिनची एक मात्रा स्नायूत देण्याची मुभा कधीच दिली आहे. लसीच्या टेबलावर जी सेविका हे करू शकते, तिलाच त्याच इमारतीतल्या अपघात कक्षात गांधीलमाशीच्या रुग्णापुढे हात बांधून उभे राहावे लागते, हे मला कोणत्याच तर्काने पटत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी आणि ग्रामीण रुग्णालयासाठी लेखी स्थायी आदेश काढावा, की अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पहिली मात्रा हजर असलेली परिचारिका देईल आणि डॉक्टरांना त्यानंतर कळवील. त्या आदेशाने तिचे खात्यात संरक्षणही व्हावे, कारण दिलेल्या इंजेक्शनचा जाब विचारला जातो, न दिलेल्याचा कोणी विचारत नाही. अँप्युल कुलपाबाहेर, सिरिंज आणि सुईसकट एका डब्यात असावे. ते उजेडाने आणि उष्णतेने खराब होते, म्हणून खिडकीत ठेवू नये, आणि पाणी गुलाबी किंवा तपकिरी झालेले दिसले तर मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावे. लाल विंचवाच्या पट्ट्यात प्राझोसिनची आणि शेतीच्या पट्ट्यात अ‍ॅट्रोपिनची साठ्याची किमान संख्या एका गंभीर रुग्णाच्या पहिल्या दोन तासांच्या गरजेवरून ठरवावी. मागच्या वर्षीच्या खपावरून ठरवू नये, कारण मागच्या वर्षी औषध संपले म्हणून रुग्ण पुढे पाठवला असेल तर त्याचा खप वहीत दिसतच नाही.

वाचकांकडून मला फार अपेक्षा नाही. गांधी, सूज, घोगरा आवाज, धाप, उलटी, भोवळ यांतली दोन-तीन लक्षणे डंखानंतर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यानंतर एकदम दिसली तर माणसाला आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, धाप फार असेल तर टेकवून बसवावे, पण उभे करू नये आणि चालवू नये. उभे राहिल्यावर हृदयात परत येणारे रक्तच तुटते, आणि त्या दिवशी आम्ही ज्याला उठवून बसवले त्याची मान का कलंडली ते मला खूप उशिरा कळले. केंद्रात पोचल्यावर अ‍ॅड्रेनालिन दिले का, असे स्पष्ट विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. कोणत्याही चांगल्या परिचारिकेला तो प्रश्न आधार वाटेल.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. अशी बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी तीन वेळा विचारून घ्याव्यात : डंख किती वाजता झाला, रुग्ण केंद्रात किती वाजता पोचला, आणि त्या आजाराचे मुख्य औषध किती वाजता दिले गेले. पहिल्या दोन वेळा आजही छापल्या जातात. तिसरी छापली जाऊ लागली की केंद्रात ती लिहून ठेवावी लागेल, आणि ती लिहून ठेवायची म्हटले की किल्ली कोणाकडे आहे हे दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी विचारले जाईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, चिपळूण
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)